रविवारच्या चर्चेबद्दल आठवण

सगळ्यांना परत एकदा सांगतेय, रविवारी आपण हक्कांसाठी लढलेल्या बायकांवर बोलणार आहोत, सुरुवात अर्जेंटिनातल्या आयांपासून. लष्करी राजवटीत पोरं गायब झाली, कुठेच दाद लागेना, तेव्हा ३० एप्रिल १९७७ ला १४ जणी ब्युनोस आयर्सच्या प्लाझा द मायो चौकात जमल्या, पोलीस म्हणाले घोळक्याने थांबू नका, तर त्या दोघी-दोघी मिळून चालायलाच लागल्या. पुढे ओळख पटावी म्हणून डोक्याला बाळाचे कापडी लंगोट बांधले. पुढाकार घेणाऱ्या असुसेना विल्याफ्लोरला त्याच डिसेंबरमध्ये पळवून नेलं, अवशेषांची ओळख पटायला २००५ उजाडलं, किती भयंकर आहे हे! प्रत्येकाने अजून एकीची माहिती आणा प्लीज, पण नुसती फॉरवर्ड आलेली नको, नावं-तारखा तपासून. बोलणाऱ्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.