कळलावीचे कंद डोंगरातून उकरू नयेत

महोदय,

गौरी-गणपतीच्या सुमारास यवतेश्वरच्या घाटात आणि सज्जनगडाच्या वाटेवर करवंदीच्या जाळ्यांवर कळलावीची लाल-पिवळी फुले दिसू लागतात, आणि त्याच दिवसांत तो वेल बागेत लावण्यासाठी मुळासकट उकरून नेणारी मंडळीही दिसतात. कास पठारावर फुले तोडण्यास मनाई आहे, परंतु घाटातल्या प्रत्येक जाळीवर पहारा ठेवणे कोणालाही शक्य नाही. अंगणात कळलावी असावी ही हौस रास्तच आहे. मात्र फुलावर आलेला वेल उकरणे हा ती भागवण्याचा सर्वांत वाईट मार्ग होय.

याचे कारण कंदात आहे. कळलावीचा कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असून त्याचा डोळा फाट्याच्या अगदी टोकाशी असतो. ते टोक मोडले की उरलेला कंद कितीही टपोरा असला तरी फुटत नाही. शिवाय जुना कंद दर वर्षी वेल वाढवण्यात खर्ची पडतो आणि त्याच हंगामात नवा कंद पोसला जातो. ऐन फुलोऱ्यात खुरपे चालवणाऱ्याच्या हाती त्यामुळे रिकामा होत आलेला जुना आणि अर्धाकच्चा नवा कंद येतो, बागेतला वेल मरतो आणि डोंगरातलाही जातो.

एखाद्या परिचिताच्या बागेत हा वेल असल्यास तो दिवाळीनंतर पूर्ण वाळू द्यावा, मग कंद हलक्या हाताने काढून फाटे अलग करावेत आणि कोरड्या वाळूत ठेवावेत. मृगाच्या आधी ते 5 ते 7 सेंटीमीटर खोल, आडवे लावावेत. कृष्णाकाठच्या काळ्या चिकट मातीत कंद हमखास कुजतो, म्हणून तिच्यात भरड वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. हा वेल पानांच्या वळणाऱ्या शेंड्यांनी आधार धरतो. जाड बांबू त्याला कवेत घेता येत नाही, बारीक काटक्या किंवा जाळी हवी. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे. हिवाळ्यात मायेपोटी पाणी घालणारेच बहुधा कंद गमावतात.

बियांपासूनही रोपे होतात, परंतु फुलासाठी काही पावसाळे थांबावे लागते. फुलातील परागवाहिनी (पराग झेलणारा मादी दांडा) काटकोनात बाजूला वळलेली असल्याने स्वतःचे पराग तिच्यावर सहजी पडत नाहीत, म्हणून एकट्या वेलाला फळे कमी धरतात. तामिळनाडूत बियांसाठी या वेलाची शेती करणारे शेतकरी हाताने परागीकरण करतात. त्या बियांतील कोल्चिसिन संधिवाताच्या एका प्रकारावरील औषधात वापरले जाते, आणि तेच द्रव्य या वेलाचा प्रत्येक भाग विषारी करते. रताळे समजून कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. घरात लहान मुले किंवा दारात शेळ्या असतील त्यांनी हा वेल लावूच नये, आणि इतरांनीही कंद हाताळताना हातमोजे घालावेत व कंद स्वयंपाकघरापासून दूर ठेवावेत.

साताऱ्यातील रोपवाटिकांनी स्वतः वाढवलेले कंद मे महिन्यात विक्रीस ठेवले, तर घाटातून उकरून आणण्याचे निमित्तच उरणार नाही. ग्राहकांनीही विकत घेताना कंद कोठून आणला, हे आवर्जून विचारावे.

– एक वाचक, सातारा