मेल खरा की खोटा, हे ठरवत बसू नका

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला मेल पाहिला. तो बँकेचा नाही. ‘केवायसी अपूर्ण, २४ तासांत खातं गोठवलं जाईल’ यातलं काहीही होणार नाही, निश्चिंत राहा. दाबायच्या आधी मला विचारलंत हे फार बरं केलंत. पण ‘इंग्रजी शुद्ध, लोगो बरोबर, पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव, मग खोटा कसा?’ हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

पूर्वी असे मेल चुकांवरून ओळखू यायचे. आता एआयकडून कुणीही निर्दोष इंग्रजी लिहून घेतो, मराठीसुद्धा. लोगो बँकेच्याच वेबसाइटवरून उचलतात. आणि पाठवणाऱ्याचं नाव म्हणाल, तर त्या रकान्यात वाटेल ते लिहिता येतं. नावाखालचा छोटा बाण दाबला की पूर्ण पत्ता दिसतो. तो शेवटाकडून वाचायचा. तुमच्या मेलच्या पत्त्यात बँकेचं नाव होतं, पण सुरुवातीला. शेवट भलत्याच कुणाचा होता.

वेबसाइटच्या पत्त्याचंही तसंच, सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते पाहायचं. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. शेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून मात्र भरवसा ठेवू नका. तुम्ही भरलेली माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तर त्याच्या हाती ती नीटच पडते.

काही जण याहून बारीक काम करतात. मायक्रोसॉफ्टच्या नावात पहिल्या ‘एम’च्या जागी इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून लिहितात. मोबाईलच्या बारीक अक्षरांत तो फरक तरुण डोळ्यांनाही कळत नाही.

म्हणूनच बाबा, मला हे सगळं तुमच्याकडून पाठ करून घ्यायचं नाही. मेल खरा की खोटा हे ठरवायची गरजच नाही. वाचा आणि बंद करा. त्यातली लिंक नको, त्यातला फोन नंबर नको, जोडलेली फाइलही उघडायची नाही. शंका वाटली तर आपल्या वाटेने बँकेत जा: कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा, फोनमधलं नेहमीचं ॲप उघडा, नाहीतर सरळ शाखेत जाऊन विचारा. बँकेला खरंच काही हवं असेल तर ते तिथेही कळेल. खरा मेल बाजूला ठेवल्याने तुमचं काही बिघडत नाही, आणि खोट्याला तुम्ही सापडतच नाही. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर मात्र शोधू नका, तिथेही ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

आई, तुझ्यासाठी वेगळं लिहिते, कारण तुझी पार्सलं येत असतात. ‘पत्ता अपुरा आहे, पार्सल अडकलंय, अमुक रुपये भरा’ असे मेसेज पोस्टाच्या नावानेही फिरतात. रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवतात, म्हणजे माणूस फार विचार न करता भरून टाकतो. त्यांना ते थोडे रुपये नकोच असतात, तुझ्या कार्डाचा नंबर आणि ओटीपी हवा असतो. आणि हे कायमचं लक्षात ठेव: यूपीआयचा पिन पैसे देताना टाकतात, घेताना कधीच नाही.

आता एक अवघड गोष्ट. चुकून कधी काही दाबलं गेलं, ओटीपी दिला गेला, तर आमच्यापासून लपवू नका. ‘पोरं काय म्हणतील’ या संकोचात जी रात्र जाते, तीच महाग पडते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये असा नियम केला की ओटीपी आपण स्वतःच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आधी बँकेला फोन, लगेच १९३० ला फोन, मग मला. १९३० ही सरकारची सायबर हेल्पलाइन आहे. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. हे लोक रोज दिवसभर हाच धंदा करतात, त्यांच्यापुढे शिकलेसवरलेलेही फसतात. तुम्हाला कुणीही बोलणार नाही, मी तर नाहीच.

मीटिंगमध्ये असले तरी तुमचा फोन उचलेन.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, तो मेल नुसता डिलीट करू नका. संगणकावर जीमेलमध्ये तो उघडल्यावर उजवीकडे तीन टिंबं दिसतील, त्यात ‘रिपोर्ट फिशिंग’ आहे, ते दाबा. मग तसे मेल दुसऱ्या कुणाकडे जाताना अडवायला मदत होते.