डोक्याला मार बसलेला खेळाडू बाहेरच हवा

मा. संपादक,

अमेरिकन फुटबॉलमधल्या लाइनबॅकर या बचावपटूची माहिती आपल्याकडे छापून येते ती नुसत्या आकड्यांत. ल्यूक कीकलीचेच घ्या. बॉस्टन कॉलेजकडून तीन मोसमांत 532 टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणे), 2012च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या निवडीत, कॅरोलायना पँथर्सकडून नवव्या क्रमांकावर निवड, पहिल्याच वर्षी 164 टॅकल, 2013 साली एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा किताब. वाचणाऱ्याला वाटते, गडी दांडगा होता म्हणून जमले.

खरे काम धडकेच्या आधीचे. मधला लाइनबॅकर आघाडीच्या फळीमागे चार-पाच यार्डांवर उभा असतो. बहुधा त्याच्याच हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो, म्हणजे आत स्पीकर. प्रशिक्षकाची सूचना बचावातल्या अकरा जणांपैकी त्या एकालाच ऐकू येते आणि चाल सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तीही बंद. पुढचे त्याने ओळखायचे. नजर चेंडूवर नव्हे, समोरच्या गार्डवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीच्या फळीतल्या खेळाडूवर. तो डोके खाली घालून घुसला तर धाव, ताठ होऊन मागे सरला तर पास, बाजूला पळाला तर चेंडू बहुतेक त्याच अंगाने. फसगत होते ती नकली धावेत, म्हणजे धावेचा आव आणून पास टाकतात तेव्हा. लाइनबॅकर दोन पावले पुढे आला की चेंडू त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत पडलाच समजा. कीकली प्रतिस्पर्ध्याची चाल खेळ सुरू होण्याआधीच ओरडून सांगायचा.

त्याच डोक्याला 2015, 2016 आणि 2017मध्ये कन्कशन झाले, म्हणजे मार बसून मेंदूला धक्का बसला. पूर्वीच्या वेगाने नि ताकदीने खेळता येईल याची खात्री नाही, असे सांगून जानेवारी 2020मध्ये, अवघ्या 28व्या वर्षी, तो निवृत्त झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळलेला लाइनबॅकर ख्रिस बोरलंड तर मेंदूच्या धोक्यापायी एकाच व्यावसायिक मोसमानंतर थांबला.

एनएफएलमध्ये कन्कशन झालेला खेळाडू त्या सामन्यात परत उतरत नाही. आधी विश्रांती, मग हलका व्यायाम, ताकदीचा व्यायाम, धडकेविना सराव आणि शेवटी संघाबाहेरच्या मेंदूतज्ज्ञाची परवानगी. आपल्या गोव्यातल्या आंतरग्राम फुटबॉल (सॉकर) स्पर्धांत, कापणी झालेल्या शेताच्या टणक जमिनीवर, हेडर घेताना दोन डोकी आपटली की स्प्रे मारतात, पाणी ओततात आणि पोरगा पुन्हा आत! (स्प्रेचा डोक्याला उपयोग शून्य.) शुद्ध हरपली, तोल गेला, स्कोअर आठवेना किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर तो ‘बरा आहे’ म्हणाला तरी बाहेरच बसवावा. त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, दुचाकी चालवू देऊ नये. उलट्या, वाढती डोकेदुखी, ग्लानी किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या तर थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ) गाठावे.

बदली खेळाडू संपले म्हणून संघ जखमीला खेळवत राहतात, ही अडचण खरी आहे. पण 2024-25पासून फुटबॉलच्या नियमावलीतच कन्कशनसाठी जादा बदली खेळाडू देण्याची मुभा स्पर्धांना आहे. प्रतिस्पर्ध्यालाही तेवढीच बदली मिळते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. बाहेर गेलेला मात्र परत येत नाही. आयोजकांनी हे कलम यंदाच्या नियमपत्रकात घालावे आणि निर्णय प्रशिक्षकावर न सोडता मैदानावरच्या डॉक्टरकडे द्यावा. डॉक्टर नसेल तिथे पंचांकडे.

– एक वाचक, फोंडा