शोभेची विहीर नव्हे, पिण्याचा आड

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या स्टोक रो या खेड्यात काशीच्या महाराजांच्या खर्चाने खणलेल्या 'महाराजा वेल'वरचा (वेल म्हणजे इंग्रजीत विहीर) लेख वाचला. फोटो झकास आहेत. पण लेखकाने तिला 'शोभेची विहीर' म्हटलंय, तिथे राहवलं नाही म्हणून हे पत्र. माझ्या वडिलांनी ओतूर परिसरात उभा जन्म विहिरी खणण्यात काढला. मुलगी रेडिंगला असते, तिच्यासोबत मी हे गाव पाहून आलो आहे.

मुळात तिला विहीर म्हणू नये. तोंड फक्त ४ फुटांचं, म्हणजे आमच्याकडे तो आड. आणि खोली ३६८ फूट! लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलची उंची ३६५ फूट सांगतात. ते उलटं करून आत सोडलं तरी तळ गाठणार नाही. वडील खोली 'परस' या मापात मोजायचे; एक परस म्हणजे पुरुषभर, साधारण सहा फूट. त्या हिशेबाने साठ परसांच्या वर. आमच्याकडे आठ-दहा परसांवर पाणी लागलं नाही की मालक जागा बदलायचा.

हे सगळं हातांनी खणलेलं. काम १० मार्च १८६३ रोजी सुरू झालं आणि २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, आड गावासाठी खुला झाला. चार फुटांत दोन माणसं कुदळ मारूच शकत नाहीत. म्हणजे खाली एकटा माणूस, वर रहाटावर बाकीचे, आणि दोघांच्या मध्ये ती टोपली. इतक्या खोलीवर वरून लिंबाएवढा खडा सुटला तरी खालच्याचं डोकं फुटेल. वडील जुन्या आडात उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. ज्योत मंदावली म्हणजे खालची हवा खराब; त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. तिथे उभा असताना मला तो कंदीलच आठवत होता.

इतकं खोल जायची वेळ का आली, तेही लेखात हवं होतं. हा चिल्टर्नचा डोंगराळ भाग, खाली खडूचा दगड. पाऊस भरपूर, पण पाणी थांबत नाही, सरळ मुरून जातं. उन्हाळ्यात लोक डबक्यांवर भागवायचे. शेजारच्या इप्सडेनचा एडवर्ड रीड कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्याने १८३१ मध्ये आझमगढकडे एक विहीर बांधून दिली होती. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईने पोराला बडवलं, ही चिल्टर्नमधली हकिगत त्याने काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि पुढे सगळा खर्च दिला: ३५३ पौंड, १३ शिलिंग, ७ पेन्स. शेवटच्या सात पेन्सांपर्यंत हिशेब ठेवणारा मुकादम मला आवडला असता.

पाणी गावाला फुकट असे. राखणदारासाठी शेजारी अष्टकोनी घर आहे, एका खोलीएवढं. देखभालीसाठी चेरीची बाग लावली, तिचं नाव 'ईश्री बाग'. चेरी विकून आडाचा खर्च भागवायचा. देवस्थानाला इनाम जमीन लावून द्यावी तसंच हे. बागेतलं तळंही माशाच्या आकाराचं, कारण मासा हे काशीच्या राजघराण्याचं चिन्ह. घुमट आहे, सोनेरी हत्ती आहे, नाही कोण म्हणतं? पण तो हत्ती ज्या लोखंडी यंत्रावर बसलाय, त्याचा दांडा फिरवून एक भरली बादली वर आणायला दहा मिनिटं लागत. घरात चार बादल्या लागल्या तर हिशेब करा.

 

पुन्हा कधी या आडाचा फोटो छापलात, तर हत्तीपेक्षा खाली वाकून काढलेला छापा.

आपला,
एक जुना वाचक
ओतूर (ता. जुन्नर)