विषय: लिटिट्झ (अमेरिका) येथील प्रेट्झेल (गाठीसारखा वळून भाजलेला खारा पदार्थ) बेकरीची न झालेली सहल, माणशी 2,200 रुपये परत करण्याबाबत (चौथे पत्र)

ग्राहक सेवा व्यवस्थापक,

आजच्या फोननंतर नम्रपणा संपला आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तुमच्या पत्रकात लिहिलं होतं: पेनसिल्व्हेनियातल्या 1861 सालच्या ज्युलियस स्टर्जिस बेकरीत प्रवेश, जुन्या विटांच्या भट्ट्या, स्वतः प्रेट्झेल वळण्याचा अनुभव. (पत्रकात म्हटल्याप्रमाणे बेकरी 'जगातली पहिली' नाही, अमेरिकेतली पहिली व्यावसायिक प्रेट्झेल बेकरी म्हणून ती ओळखली जाते. तेही दुरुस्त करा.) गाडी नेलीत रविवारी. आमिश या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या वस्तीच्या त्या लँकेस्टर परगण्यात रविवार सुट्टीचा म्हणून पाळतात, हे अमेरिका सहली विकणाऱ्यांना माहीत नसावं? दार बंद. सात मिनिटांचा 'फोटो स्टॉप'.

भरपाई म्हणून हॉटेलात 'कार्यशाळा'. कणीक फ्रिजमधून काढून थेट हातात दिली. गार, न मुरलेली कणीक ताणली की आखडते. दहा मिनिटं झाकून ठेवली असती, तर मधून टोकांकडे लाटत हातभर दोरी सहज झाली असती. मग इंग्रजी यू, टोकांना दोन पीळ, खाली दुमडून दाबणं. इथे पीळच सुटत होते. नंतर थंड पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवणं. तो तपकिरी, चकचकीत पापुद्रा येतो कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणामुळे. ते पाहुण्यांच्या हाती देऊ नये हे मान्य, पण निदान पाणी उकळतं तरी हवं होतं! आणि कडक प्रेट्झेल भाजल्यावर मंद आचेवर वाळवावा लागतो, ओलावा 3-4 टक्क्यांवर येईपर्यंत. भट्टीतून काढून लगेच वाढलात तो चकलीच्या आकाराचा फिका पाव होता. पत्रकात त्याला 'कडक' म्हटलं आहे.

आता आजचा फोन. मी विचारलं, आत प्रवेश नव्हता, तर प्रवेशाचे पैसे कशाचे? तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, दर्शन बाहेरूनही होतं. गाभारा बंद असला तरी आपण कळसाला हात जोडतोच ना?" मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा कळस! वर, "आणि शेवटी बिस्किटच ना ते, सर?" अहो, कळसाला हात जोडणाऱ्या वारकऱ्याकडून पंढरपुरात कोणी 2,200 रुपये घेत नाही. आणि बिस्किटच असेल, तर पत्रकात त्यावर अर्धं पान का खर्च केलंत?

तुमच्या कंपनीकडून घरातल्या ज्येष्ठांनाही निर्धास्तपणे पाठवत आलो, ते आता होणार नाही. चौघांचे 8,800 रुपये 15 दिवसांत खात्यावर जमा करा. नाहीतर पत्रक, पावती आणि बंद दाराचा तुमच्याच गाइडने काढलेला फोटो घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे कळसाचा दाखला जरूर द्या.

दार रविवारी बंद होतं, हे पुन्हा एकदा लिहितो, कारण तीन पत्रांत कोणी वाचलेलं दिसत नाही.

एक ग्राहक
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)