सैराट, पाण्याची रेल्वे अन् आपलं भांडण

लातूर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दोस्ता,

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू बोलूच देत नाहीस, म्हणून कागद काढला.

'सैराट' हा नागराज मंजुळेंचा सगळ्यात मोठा सिनेमा, असं तू पुण्यात बसून ठोकून दिलंस. गल्ल्यानं मोठा, हे कबूल. पण लेका, त्यांचाच 'फँड्री' पुन्हा बघ. सगळं घर डुकरामागं पळतंय, डुक्कर समोर आहे अन् शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ. डुकराला कुठलं आलंय राष्ट्रगीत? ते निघून जातं. मी आधी खो खो हसलो, मग हसल्याची लाज वाटली. अशी लाज मला 'सैराट'नं नाही वाटायला लावली. अन् त्यातल्या जब्या पोराचा शेवटचा दगड? तो आपल्याकडंच येतो ना रे.

'सैराट'चं मला भलतंच आठवतं. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला. त्याच महिन्यात मिरजेहून आपल्या गावात पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला १० वाघिणी म्हणजे डबे, ५ लाख लिटर. त्याआधी पाणवठ्यांवर जमावबंदी लागलेली. आपण दोघं घागरी रांगेत लावून, माझ्या भाचीला राखणीला बसवून खेळाला गेलो. 'झिंगाट'ला पोरं पडद्यापुढं नाचून घामाघूम. मध्यंतरात नळ सोडला तर नुसती हवा. शेवटी आवाज बंद झाला, ते लेकरू रक्ताची पावलं उमटवत दाराबाहेर आलं, अन् मघाच्या पोरांतल्या एकाच्याही तोंडून शब्द नाही. बाहेर आल्यावर तू पहिलं काय बोललास, आठवतं का? "घागरी भरल्या असतील का बे?"

दुष्काळ म्हटलं की आपले सिनेमावाले कॅमेरा भेगाळल्या जमिनीवर नेतात. अरे, दुष्काळ म्हणजे वाट बघणं. टँकर पहाटे येतो का मध्यरात्री, ह्या काळजीनं बाया अंगणातच झोपायच्या. ते कुणी दाखवायचं? 'टिंग्या' मला आवडतो तो त्यातल्या साधेपणासाठी. बैल अधू झाला, बापाला पैशाची नड, खाटकाला द्यायचा. पोरगं अडून बसलंय. बास.

'कोर्ट'ला तू झोपलास. हौ, कॅमेरा हलत नाही. फेरफाराच्या नोंदीसाठी एका कचेरीत मी सात खेपा घातल्यात, तिथंही कुणी हलत नाही. चैतन्य ताम्हाणेंनी ते बरोबर पकडलंय. 'श्वास'चं लिहीत नाही. त्यातल्या आजोबांचा विषय निघाला की आई उठून आत जाते.

आता 'सामना'. निळूभाऊंचा साखर कारखानदार हिंदुराव अन् लागूंचा मास्तर, ह्यावर आपलं भांडण नाही. पण मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारता विचारता मला आपल्या शेजारचे ऊसतोडवाले दिसतात. मुकादमाची उचल घेतली की दसऱ्यानंतर घराला कुलूप. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या बंगल्यातला सिनेमा एवढा भारी झाला, तर फडातल्या कोपीतला कसा होईल? मला तरी अजून भेटला नाही. तुझ्या बघण्यात असला तर कळव.

येळवशीला, वेळ अमावस्येला ये. आई भज्जी अन् आंबील करणारच. रानातल्या कोपीत लॅपटॉपवर 'फँड्री' लावू. चार्ज करून आण, रानात लाइटीचा भरवसा नाही. अन् ह्या वेळी झोपलास तर आंबिलीचं बिंदगं डोक्यावर ओतीन.

तुझाच,
पहिल्या रांगेतला