पहिला मान ‘स्टारलेस’चा

प्रिय मित्रा,

प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या (म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमधल्या) सर्वोत्तम गाण्यांची तुझी यादी मिळाली आणि तेव्हापासून डोक्यात तोच विषय आहे. सगळ्यात वर येसचं ‘क्लोज टू द एज’, पाठोपाठ जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’, मग एमर्सन, लेक अँड पामरचं ‘टार्कस’, जेथ्रो टलचं ‘थिक ॲज अ ब्रिक’, रशचं ‘२११२’, आणि किंग क्रिम्सनचं ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ चक्क सहाव्या जागी! त्यांचंच ‘स्टारलेस’ तर यादीतच नाही. खाली तू बजावलं आहेस की बदल हवा असेल तर कारण दे, नुसतं ‘मला आवडतं’ चालणार नाही. मान्य. कारणंच देतो, म्हणून पत्र लांबणार आहे.

तू प्रत्येक गाणं त्याच्या भव्यतेवर तोललं आहेस. किती मिनिटं, किती भाग, किती अवघड ताल, कोणी किती सफाईनं वाजवलंय. पण वीस मिनिटांची ती लांबी मुळात आली कुठून? लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. साठच्या दशकाच्या शेवटी अख्खी बाजू एका गाण्याला द्यायची मुभा बँडना मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या बँडनं ती घेतली. लांबी सगळ्यांच्याच हाताशी होती. तिचं कोणी काय केलं, हे बघायला हवं. माझी कसोटी अशी आहे: गाण्याच्या शेवटी जे घडतं ते तीन मिनिटांच्या गाण्यात कुणालाही घडवता आलं नसतं, असं ज्याच्याबद्दल छातीठोकपणे म्हणता येतं ते महत्त्वाचं. मधली पाच मिनिटं काढून बघ. उरलेलं गाणं काहीच न झाल्यासारखं चालत राहिलं, तर ते सुंदर असेल, वाजवायला महाकठीण असेल, पण या यादीत त्याला वरची जागा नाही.

‘टार्कस’ला मी याच कारणानं खाली आणतो. १९७१ सालचं ते गाणं, पाच मात्रांवर सुटलेला कीथ एमर्सनचा ऑर्गन, मागे कार्ल पामरचे ड्रम. पहिली दोन-तीन मिनिटं अशी आहेत की आजही ऐकताना मी हातातलं काम बाजूला ठेवतो. पण त्याचे सात भाग एकमेकांशेजारी उभे आहेत, एकमेकांवर उभे नाहीत. मधला एखादा वगळला तर पुढच्याला फरक पडत नाही. येसच्या ‘राउंडअबाउट’चंही तसंच. साडेआठ मिनिटांचं गाणं रेडिओसाठी साडेतीन मिनिटांच्या आत कापलं गेलं आणि तरीही अमेरिकेच्या यादीत १३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. क्रिस स्क्वायरच्या बेसची ती धारदार चाल मला पाठ आहे, आयुष्यभर ऐकेन, पण जे गाणं इतक्या सहज कापता आलं त्याला मी पहिल्या पाचांत बसवणार नाही.

आता ‘स्किझॉइड मॅन’. ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ हा अल्बम आला आणि हे त्यातलं पहिलंच गाणं. त्याआधी वाटा शोधणं चालू नव्हतं असं नाही. मूडी ब्लूजनी १९६७ मध्ये ऑर्केस्ट्रा आणि मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारं पट्ट्यांचं वाद्य) एकत्र आणला होता, प्रोकोल हॅरमनं १९६८ मध्ये सतरा मिनिटांची एक मालिका रचली होती. पण त्या प्रयत्नांत रॉकला अभिजात संगीताचा अंगरखा घालायची धडपड जास्त दिसते. क्रिम्सननं अंगरखा वगैरे काही घातला नाही. ग्रेग लेकचा आवाज मुद्दाम चिरडून टाकला, व्हिएतनामच्या नापाम बाँबचं जळणं शब्दांत आणलं, आणि मध्येच गाणं सोडून सगळे एका वेगळ्याच वेगानं धावू लागले: सॅक्सोफोन, गिटार, बेस, ड्रम एकाच रेषेवर, मध्ये अचानक थांबणं, पूर्ण शांतता, पुन्हा एकदम सुरू. मायकल जाइल्सचे ड्रम तिथं नीट ऐक. एवढ्या वेगातही एक ठोका इकडचा तिकडे होत नाही.

आणि कसोटीचं म्हणशील, तर हे सात-साडेसात मिनिटांचं गाणंही तीत उतरतं. मधल्या त्या धावपळीनंतर तिसरं कडवं येतं. आवाज तोच, रिफ (पुन्हा पुन्हा येणारी वाद्यांची चाल) तीच, पण पहिल्या कडव्यात जो माणूस चिडलेला वाटला होता तो आता उद्ध्वस्त झालेला वाटतो. मधला भाग काढ, तिसरं कडवं नुसतं तिसरं कडवं उरेल. ही युक्ती, म्हणजे ऐकणाऱ्याला दूर नेऊन परत त्याच जागी आणायचं आणि ती जागा बदललेली दाखवायची, पुढच्या पाच वर्षांत सगळ्यांनी वापरली. मी ज्यांना मोठं मानतो ती बहुतेक गाणी इथूनच निघाली आहेत. सहावी जागा त्याला शोभत नाही.

‘सपर्स रेडी’ तुझ्या यादीत दुसरं आहे. मी ते ‘क्लोज टू द एज’च्या वर ठेवतो. दोन्ही १९७२ च्या शरद ऋतूतली, एकमेकांपासून जेमतेम महिनाभराच्या अंतरावर आलेली, त्यामुळे तुलना टाळताच येत नाही. ‘सपर्स रेडी’ची सुरुवात बारा तारांच्या गिटारींवर, घरातल्या एका खोलीत, दोन माणसांमध्ये होते. मग दहा-बारा मिनिटं ते गाणं कुठे कुठे भटकतं. काही ठिकाणी गायक पीटर गेब्रिएल इतका हलक्याफुलक्या रंगात येतो की आपण कशासाठी निघालो होतो तेच विसरायला होतं. त्यानंतर नऊ मात्रांचा तो भाग. माइक रदरफर्ड आणि फिल कॉलिन्स एक खडबडीत ठेका धरून बसतात आणि टोनी बँक्सचा ऑर्गन त्या ठेक्याची फिकीर न करता स्वतःच्या हिशोबानं वर वर चढत जातो. ताण असह्य झाला की गेब्रिएलचा आवाज फुटतो, आणि मग पहिल्या मिनिटातली ती घरगुती धून परत येते. तेच सूर, पण आता ते दोघांपुरते राहिलेले नसतात. ही वीस मिनिटं वाट पाहिल्याशिवाय ते परतणं कमावता येणारच नाही.

‘क्लोज टू द एज’मध्येही परतणं आहे. मधल्या शांत भागात जॉन अँडरसन अगदी हळुवार म्हणतो ती ओळ शेवटी सगळ्या बँडसह परत येते. रिक वेकमननं चर्चमध्ये जाऊन वाजवलेला तो मोठा पाइप ऑर्गन आहे. अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत तुकड्या-तुकड्यांनी वाजवून, टेप कापून जोडून तयार केलेलं हे गाणं एका श्वासात घडल्यासारखं वाटतं, ही फार मोठी कामगिरी आहे. तरी माझ्यासाठी ते चौथं, कारण त्याचा विजय सुरुवातीपासूनच ठरलेला असतो. हे लोक शेवटी उजेडात पोचणार याबद्दल मला एक क्षणही शंका येत नाही. ‘सपर्स रेडी’त शंका येते. ‘स्टारलेस’मध्ये तर खात्रीच पटते की आता सुटका नाही. ड्रमर बिल ब्रुफर्डसुद्धा ‘क्लोज टू द एज’ रेकॉर्ड झाल्याझाल्या येस सोडून क्रिम्सनमध्ये गेला. त्यांचा अल्बम यशाच्या शिखरावर निघालेला असताना! आणि दोन वर्षांनी ‘स्टारलेस’मध्ये जो ताल धरून बसलाय तो तोच ब्रुफर्ड.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ‘स्टारलेस’ १९७४ च्या उन्हाळ्यात लंडनला ऑलिंपिक स्टुडिओत रेकॉर्ड झालं. सप्टेंबरात गिटारवादक रॉबर्ट फ्रिपनं बँड बंद केल्याचं जाहीर केलं, आणि ज्यात हे शेवटचं गाणं आहे तो ‘रेड’ अल्बम ऑक्टोबरात, बँड उरला नसताना, दुकानात आला. सव्वाबारा मिनिटं. गायक आणि बेसवादक जॉन वेटननं मूळ गाणं आधीच आणलं होतं, पण ते बाजूला ठेवलं गेलं, आणि त्याच्या नावासाठीचे शब्द आधीच्या ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ या अल्बमनं घेऊन टाकले. म्हणून याच्या वाट्याला त्यातला एकच शब्द आला.

सुरुवातीची चारेक मिनिटं हे एक साधं, उदास, फार सुंदर गाणं आहे. मेलोट्रॉनचे तंतुवाद्यांसारखे सूर, त्यावर गिटारची लांब खेचलेली धून, मग वेटनचा आवाज. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि तो साधारण आठ सेकंदांत संपतो. बोट उचलून पट्टी पुन्हा दाबावी लागते. त्यामुळे ते सूर अखंड वाहत नाहीत, जरासे थरथरतात. तो थरथराट या गाण्याला जितका शोभला आहे तितका मला दुसरीकडे कुठे आढळलेला नाही.

मग शब्द संपतात. वेटनचा बेस तेरा मात्रांची एक चाल धरतो. फ्रिप एकच सूर वाजवत राहतो. एकच. बराच वेळ तोच, मग किंचित वर, परत बराच वेळ तोच. ब्रुफर्ड आधी लाकडाच्या, धातूच्या बारीकसारीक आवाजांनी भोवती फिरतो, मग हळूहळू ड्रमवर येतो. सगळ्यांचा जोर वाढत जातो, पण कुणीही घाई करत नाही. तेरा मात्रा असल्यामुळे आवर्तन कुठे संपलं हे शरीराला नीट कळत नाही. दर वेळी पाय टेकायला जावा आणि जमीन बोटभर पुढे सरकलेली असावी तसं होतं. मिनिटामागून मिनिट हे चालतं, आणि तू म्हणशील की इथे तर काहीच होत नाहीये. पण तेच तर होतंय. ऐकणाऱ्याची वाट पाहण्याची शक्ती ताणली जातेय. मग अचानक वेग दुप्पट, सॅक्सोफोन सुटतो, सगळं अंगावर येतं, आणि त्या गोंधळाच्या डोक्यावर पहिल्या मिनिटातली ती धून उभी राहते. आता सॅक्सोफोनवर, संपूर्ण बँडच्या जोरावर. सुरुवातीला ती दुःखाची होती. आता तिला काय म्हणावं हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. दुःख आहेच, पण मान वर केलेलं.

तुला कारण हवं होतं ना? हे बघ. ‘टार्कस’ किंवा ‘थिक ॲज अ ब्रिक’मध्ये लांबी भरायला नवनव्या कल्पना लागतात, दर दोन मिनिटांनी काहीतरी नवं. ‘स्टारलेस’ एका धुनेवर आणि एका सुरावर उभं आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे खूप काही वाजवणं हा समज इथे मोडतो. त्या काळातल्या सगळ्यात हुशार वादकांपैकी तिघं मिळून इतकं कमी वाजवतात आणि इतकं दूर पोचतात. म्हणून पहिला मान त्याचा.

‘थिक ॲज अ ब्रिक’बद्दल एकच म्हणतो. इअन अँडरसननं कन्सेप्ट अल्बमची (एकाच कल्पनेवर बेतलेल्या अल्बमची) थट्टा करायला म्हणून दोन्ही बाजू व्यापणारं एकच गाणं रचलं, आणि ते १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच्या धुना अप्रतिम आहेत. दहाव्या जागेवर मला चालेल.

आणि ‘एकोज’ कुठे गेलं? पिंक फ्लॉइडचं ‘मेडल’, १९७१, अख्खी दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटं. रिक राइटनं पियानोचा एक सूर लेस्ली स्पीकरमधून (फिरत्या भोंग्याच्या स्पीकरमधून) सोडला आणि त्या एका थेंबासारख्या आवाजातून सगळं गाणं वाढलं. मधल्या काळोख्या भागातल्या त्या पक्ष्यांसारख्या किंकाळ्या म्हणजे वावा पेडल (गिटारचा आवाज पायानं बदलण्याचं साधन) उलटं जोडल्यावर गिल्मरच्या गिटारमधून निघालेला आवाज. त्या काळोखानंतर तो थेंब पुन्हा पडतो तेव्हा काय वाटतं ते तुला वेगळं सांगायला नको. ते मी पाचवं धरतो.

मला आणखी एक आग्रह धरायचा आहे. तुझी यादी संपूर्ण इंग्रजी आहे. इटलीच्या पीएफएम या बँडचं ‘इम्प्रेसिओनी दी सेत्तेम्ब्रे’ ऐक. पहाटेच्या धुक्यातलं गाणं, आणि जिथे ध्रुवपद यायला हवं तिथे शब्दच नाहीत, मूग सिंथेसायझरची एक उघडी, रुंद धून आहे. इटलीतल्या श्रोत्यांनी या संगीतावर किती जीव लावला बघ: व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा ‘पॉन हार्ट्स’, ज्यात दीपगृहाच्या रखवालदारावरची तेवीस मिनिटांची ती भयाण रचना आहे, तो इंग्लंडमध्ये फारसा चालला नाही आणि इटलीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांचा गायक पीटर हॅमिल जे इंग्रजीत किंचाळत होता ते इटलीत ऐकलं गेलं. असं कान देणं यादीच्या बाहेर राहू नये.

‘स्टारलेस’नंतरच्या काळातलं मी थोडक्यात आवरतो. ‘२११२’ राहू दे, कारण आधीचा अल्बम पडलेला असताना, छोटी गाणी करा असा दबाव असताना रशनं वीस मिनिटांची बाजू भरली, आणि त्या हट्टामुळेच पुढच्या पिढीला धीर आला. टूलचं ‘लॅटरॅलस’ (२००१) घेऊ नकोस असं माझं मत. शब्दांतली अक्षरं फिबोनाची क्रमानं (१, १, २, ३, ५, ८…) वाढतात-घटतात हे मला फार भावतं, पण गाण्याचा कळस त्या गणितामुळे येत नाही, डॅनी कॅरीच्या ड्रममुळे येतो. त्याऐवजी पॉर्क्युपाइन ट्रीचं ‘अ‍ॅनेस्थेटाइझ’ (२००७) घे. पावणेअठरा मिनिटं, त्यात रशच्या ॲलेक्स लाइफसनचा सोलो, आणि शेवटचा संथ भाग त्याआधीच्या सगळ्या रागाशिवाय अर्थहीन झाला असता.

एका गाण्यापाशी मात्र माझी कसोटी अडते. जेंटल जायंटचं ‘नॉट्स’, १९७२, जेमतेम चार मिनिटं. आवाज एकमेकांत असे गुंतवलेत की एक ओळ पकडायला जावं तर दुसरी सुटते. लांबीचा प्रश्नच तिथे येत नाही, आणि तरीही त्या वर्षीच्या कुठल्याही गाण्यापेक्षा ते धाडसी आहे. मला ते आठव्या जागी हवं आहे. बाहेर ठेवायचं असेल तर आता कारण तू द्यायचंस, आणि नुसतं ‘मला आवडत नाही’ चालणार नाही.

तुझा,
जुना मित्र